ब्रेक आले का?

टाकीवाली त्या सकाळी सायकलच्या दुकानात शिरली ती गिऱ्हाईक म्हणून नव्हे. थांबताच आलं नाही, म्हणून शिरली.

वर डोंगरावर पाण्याची टाकी, खाली वस्ती आणि मधे नाकासारखा सरळ उतार. रोज उजाडता वर जायचं, टाकीत पाणी किती ते बघायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा आणि नमुन्याच्या बाटल्या खाली तपासणीला आणून द्यायच्या, अशी तिची नोकरी. म्हणून सगळे तिला टाकीवाली म्हणत. त्या दिवशी धुकं होतं. रस्ता ओला, चाकं ओली. तिने दोन्ही ब्रेक करकचून दाबले, तर सायकल थांबायची सोडून उलट उधळली. उतारावरच एक दुकान नुकतंच उघडत होतं आणि दारात जुन्या टायरांची चळत होती. तिने डोळे मिटले आणि त्या चळतीत घुसली.

टायर चहूकडे पळाले. बाटल्या वाचल्या. ती मात्र एका मोठ्या टायरात अशी रुतून बसली की पाय आकाशाकडे.

आतून मिस्त्री धावत आला. उंच, हडकुळा, कोपरापर्यंत ग्रीसने काळा.

“ताई, लागलं का हो?”

“लागलं असतं तर अशी बसून राहिले असते का?... म्हणजे, बसलेच आहे म्हणा. हात द्या आधी!”

त्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं. पँटला पुसले, पुढून पुसले, मागून पुसले, काही उपयोग होईना. शेवटी त्याने कोपर पुढे केलं. ती त्या कोपराला धरून उठली. कोपरही काळंच निघालं, ते तिला घरी गेल्यावर कळलं. हात धुतला, पण जरा उशिराच.

मिस्त्रीने सायकल उलटी केली आणि चाक फिरवून बघितलं.

“रबराचे ब्रेक. ओल्या चाकाला हे काय धरणार? साबण धरल्यासारखं. या उताराला डिस्क ब्रेक पाहिजेत.”

“मग लावा की. पण स्वस्तात हं. माझा पगार पाण्यासारखा आहे... येतो आणि नळाने निघून जातो.”

तो हसला. हसला की त्याच्या एका गालाला खळी पडे, दुसऱ्याला नाही. देवाने अर्ध्यावरच काम सोडलेलं. पण जेवढं केलं तेवढं बरं होतं.

त्याने फळीवरून एक खोकं काढलं. “हा सगळ्यात स्वस्त. चकचकीत बघा कसा! पण हा चकतीला एकाच बाजूने दाबतो. दुसरी बाजू नुसती बघत बसते.”

“असे आमच्या ऑफिसात दोघे आहेत.”

“आणि हा तेलावरचा. एक बोट लावलं की सायकल जागच्या जागी. पण याची किंमत ऐकली तर तुम्ही परत टायरात बसाल.”

“मधलं काही नाही का? एक राजाचं, एक भिकाऱ्याचं. माणसाने काय घ्यायचं?”

“आहे ना. तारेवरचाच, पण दोन्ही बाजूंनी धरतो. तार ढिली पडली तर रस्त्यात तुमची तुम्हाला आवळता येते. तुमच्या पगारात बसेल. फक्त... मागवावा लागेल.”

“मग तोवर हा भिकाऱ्याचा लावून द्या.”

“नाही,” मिस्त्री म्हणाला. एकदम म्हणाला. “त्या उताराला मी तो लावणार नाही. तुमच्या जिवाचा प्रश्न आहे. चार दिवस थांबा. तोवर मी जुने रोज घासून, आवळून देतो.”

इथेच ती फसली. पोरीला कोणी ‘छान दिसतेस’ म्हटलं तर ती सावध होते, ओढणी नीट करते. पण ‘तुझ्या जिवाचा प्रश्न आहे’ म्हटलं, की गेलीच कामातून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानापुढे थांबली. “ब्रेक आले का?”

“नाही आले.”

पहिल्या दिवशी त्याने ताई म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी म्हटलं नाही. बाकीचं तिला तिथेच समजलं.

मग रोजचंच झालं ते. ती उतारावरून पाय घासत यायची. तो मान खाली घालून जुने रबर बघायचा, तार ओढायचा, बोटाने चाक फिरवायचा. तेवढ्यात त्याचे मामा आतून चहा आणायचे, कारण दुकान मामांचं होतं आणि चहाशिवाय त्यांना दुसरं कामही नव्हतं.

“आले का?”

“वाटेत आहेत.”

“कुठल्या वाटेत? चालत येतात का ते?”

“चालत येत असतील... तुझ्यासारखे उधळत थोडेच येतात सगळे.”

तुमचं तुझं कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. कळलं असतं तरी कोण बोलणार होतं?

“मिस्त्री, खरं सांग. तू मागवलेत ना?”

“शप्पथ मागवलेत.”

“कोणाची शप्पथ?”

तो तिच्याकडे बघायचा, बघता बघता तांबडा व्हायचा आणि मग पाना शोधायला लागायचा. पाना त्याच्या हातातच असायचा.

घरी आत्या होती. आई-बापामागे तिने वाढवलेली ही पोर. आत्याची जीभ अशी, की शेजारणी तिच्याकडे विरजण मागायलाही भीत, म्हणत नासायचं. तिने आठवड्यात ओळखलं.

“काय गं, पूर्वी वेणी घालायला सांगितलं की अंगावर यायचीस. आता टाकीला दाखवायला वेणी-गजरा करतेस?”

“वारा असतो वर, आत्या. केस उडतात.”

“केस उडू देत. अक्कल उडू देऊ नकोस म्हणजे झालं. काय म्हणे, ब्रेक यायचेत! विमान बनवतोय का तो?”

ती हसली आणि पांघरूण ओढून झोपली. खरं सांगायचं तर तिला आता ते ब्रेक यायला नकोच होते. ब्रेक आले की लावायचे, लावले की संपलं. मग रोज कशाला थांबायचं? काय म्हणून थांबायचं? एका सकाळी तो “नाही आले” म्हणाला, तेव्हा तिने सुटकेचा निःश्वास टाकला. त्याला ऐकू गेला असेल म्हणून लगेच खोकली.

आणि मग एक दिवस पहाटेपासून बारीक पाऊस लागला. वर जाताना काही नाही. येताना उतारावर तिने ब्रेक दाबले, पण रबर आता नावालाच उरलं होतं. दुकान केव्हा मागे पडलं ते कळलंसुद्धा नाही. मिस्त्रीने हात उंच केला होता एवढं दिसलं. खाली शाळा. शाळेची पोरं एकमेकांचे हात धरून रस्ता ओलांडत होती. रांगच्या रांग. टाकीवालीने क्षणभर त्या रांगेकडे बघितलं आणि हँडल भिंतीकडे वळवलं.

पोरांना खरचटलंसुद्धा नाही. तिच्या खांद्याचं हाड मोडलं ते असं, की बसलं पण वाकडं बसलं. उजवा हात डोक्याच्या वर जाईना. व्हॉल्व्ह फिरवायला हात वर लागतो. टाकीवरची नोकरी दुसऱ्याला दिली आणि तिला खाली तक्रारींच्या खिडकीत बसवलं. दिवसभर ‘आमच्याकडे पाणी नाही’ एवढंच ऐकायचं. टाकीवाली हे नाव मात्र राहिलं. लोक नाव काढून घेत नाहीत, नोकरी घेतात.

मिस्त्री रोज संध्याकाळी यायचा. पहिल्या दिवशी दारातच उभा राहिला, पांढराफटक. “तू कशाला मरतोस?” ती म्हणाली, “पडले मी.” दोन दिवसांत त्याने सायकल सरळ केली आणि नवे डिस्क ब्रेक बसवून अंगणात आणून उभी केली.

“अगं बाई, आले का शेवटी?”

“आले,” तो म्हणाला आणि खाली बघत राहिला.

तिला वाटलं, बिचाऱ्याला उशिराचं वाईट वाटतंय. तो फळं कापून द्यायचा, फोडी एकसारख्या. तिचे बूट बांधून द्यायचा. आत्यासुद्धा विरघळली. म्हणाली, “हाताने काळा आहे, मनाने नाही दिसत.” आत्याच्या तोंडून याहून गोड काही कोणी ऐकलं नव्हतं.

म्हणून मग मामा एका रविवारी भाच्याला घेऊन रीतसर बोलायला आले. धुतलेला शर्ट, केसांना तेल. मिस्त्रीची नखं घासून घासून लाल झालेली. टाकीवाली दाराशी उभी होती. आज तो विचारणार होता. मामांच्या तोंडून का होईना, विचारणार होता.

मामा खुशीत होते. खुशीत आलेल्या माणसाच्या तोंडाला झाकण नसतं.

“आमचं पोरगं लाजाळू हो आत्याबाई! पण मी तेव्हाच ओळखलं. हिचे ते ब्रेक आले ना, चार दिवसांतच आले होते. याने खोकं ठेवलं कोपऱ्यात. म्हटलं, अरे, दे की तिला! तर म्हणे, मामा, घाई नको, ब्रेक लावले की ती यायची नाही! त्याच खोक्यावर फडकं टाकून दोघांचे चहाचे कप ठेवायचा. महिनाभर! आता बोला, प्रेम म्हणतात ते दुसरं काय?”

आणि मामा मांडीवर थाप मारून हसले. आत्याही हसायला लागली. मग तिचं हसू मधेच थांबलं. तिने पोरीकडे बघितलं. पोरगी मिस्त्रीकडे बघत होती. मिस्त्री कोणाकडेच बघत नव्हता.

“बाहेर ये जरा,” टाकीवाली म्हणाली.

बाहेर जिना होता. ती वरच्या पायरीवर बसली. तो दोन पायऱ्या खाली उभा राहिला.

“खरं आहे?”

“मी रोज जुने तपासून देत होतो ना... रोज आवळत होतो. मला वाटलं, धरतील. दोन-चार दिवस अजून, एवढंच म्हणायचो...”

“रोज तपासत होतास. म्हणजे किती झिजलेत ते मला माहीत नव्हतं, तुला होतं.”

तो जिन्याचा कठडा नखाने खरवडू लागला.

“स्वस्तातले लावू दिले नाहीस. जिवाचा प्रश्न आहे म्हणालास. ते स्वस्तातले तरी असते, मिस्त्री.”

“तू आलीस की दिवस बरा जायचा गं...” त्याचा आवाज फाटला. “ब्रेक लागले असते तर तू कशाला थांबली असतीस? माझ्यासाठी?”

“विचारून बघायचं होतंस!” ती म्हणाली. “एकदा विचारून बघायचं होतंस. अरे, मी स्वतः खिळा मारून चाक पंक्चर केलं असतं आणि आले असते. रोज आले असते. पण ब्रेक लावून आले असते.”

आत मामा अजून काहीतरी सांगत होते. आत्याचा आवाज येत नव्हता.

“माफ कर,” तो म्हणाला.

“केलं.”

त्याने चटकन वर बघितलं. पुरुषांना वाटतं, माफ केलं म्हणजे सगळं होतं तिथे परत बसलं.

“मग... मामांना आत काय सांगू?”

“सांग, पोरगी नाही म्हणाली.”

“आत्ताच तर माफ केलंस!”

“माफ केलं म्हणून तर हळू बोलतेय. आत्याला बोलू दिलं असतं तर तू धड जिना उतरला नसतास.”

“तुला... मी आवडत नाही?”

ती बराच वेळ त्या अर्ध्या खळीच्या गालाकडे बघत राहिली. आता तिथे खळी नव्हती.

“आवडतोस. फार आवडतोस. पण उद्या घरात लेकरू तापाने फणफणलं, आणि तू म्हणालास औषध संपलंय, तर मला उठून कपाट बघावं लागेल. खोटं म्हणून नाही रे... नुसतं बघून घ्यावं म्हणून. रोज कपाटं उघडत संसार होत नाही, मिस्त्री.”

तो वळला. मग उतरायला लागला. एक एक पायरी, म्हाताऱ्यासारखा.

खाली पोचला आणि थांबला. कठड्यावर हात ठेवून, एक पाय पहिल्या पायरीवर, तसाच उभा. तिला वरून त्याचा तो हात तेवढा दिसत होता. घासून लाल केलेला, स्वच्छ.

तो एकदा जरी वर आला असता, एकदा जरी म्हणाला असता, ‘मी जात नाही, काय करायचं ते कर’, तर तिचा निश्चय किती टिकला असता ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. ती श्वास रोखून बसली होती. वाकडा खांदा ठणकत होता.

पण मागून घ्यायचं त्याला कधी जमलंच नव्हतं. तो खाली उभा राहून बोलावण्याची वाट बघत राहिला, आणि ती वर बसून तो येण्याची.

मग कठड्यावरचा हात निघाला.