पुठ्ठ्यासकट गेलेली गाडी

शेडची दारं उघडली आणि क्रेनवाला हसला.

"काका, गाडी कुठंय?"

सिप्रियन डाबरे हातात कुलूप धरून तसाच उभा राहिला. कुलूप शाबूत होतं. आत्ताच त्याने स्वतः ते उघडलं होतं. पण आत काहीच नव्हतं. तेलाने काळी पडलेली फरशी, कोपऱ्यात दोन जुने टायर आणि पत्र्याच्या भोकांतून पडलेलं ऊन.

क्रेनवाल्यामागे भंगारवाला हरेश उभा होता. त्याने कपाळाला हात लावला. "सकाळपासून क्रेन अडकवून ठेवलीय, काका. आता काय, हे टायर उचलू?"

सिप्रियन कुंपणाशी गेला आणि शेजारच्या वाडीकडे तोंड करून ओरडला, "सुनंदाबाई! जरा येता का? माझी गाडी गेली."

सुनंदा वर्तक हवालदार म्हणून निवृत्त झाल्या होत्या. पापडी गावात अजूनही कोणाची बकरी हरवली तरी हाक त्यांनाच. त्यांनी केळीला पाणी सोडायचं थांबवलं, पदराला हात पुसले आणि आल्या.

ती गाडी त्यांनी आली त्या दिवसापासून पाहिली होती. तेव्हा गल्ली मातीची होती. वाड्यांतले रहाट कुरकुरत आणि पानवेलींच्या मांडवाखाली भर दुपारी अंधार असे. अशा गल्लीत एके दिवशी दोन दारांची, बुटकी, नाक पुढे काढलेली निळी इटालियन गाडी शिरली. एक परदेशी साहेब देश सोडून निघाला होता. त्याच्याकडून सिप्रियनने ती मातीमोलाने घेतली होती. सगळा गाव बघायला जमला. साहेबाने ती इतक्या स्वस्तात का दिली, हे आठवड्याभरात कळलं. निर्मळच्या तळ्यापाशी ती बंद पडली आणि बैल जोडून घरी आणावी लागली.

त्यानंतरची तीस वर्षं तशीच गेली. पाऊस लागला की दिवे बंद. ऊन लागलं की इंजिन गरम. सुटे भाग मिळत नाहीत, मिळाले तर बसत नाहीत. आता निळ्या रंगाची राख झाली होती. शेवटी सिप्रियनने हात टेकले. मुलगा कॉन्रॅड नायगावला टॉवरमध्ये राहायचा. त्याने हरेशशी बोलून सोमवार ठरवला. आणि सोमवारी गाडीच नाही.

"ठाण्यात फोन केलास?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"केला. तुम्ही येईपर्यंतच. साहेब म्हणतात, भंगारात द्यायची गाडी चोराने नेली, मग तक्रार कसली?" सिप्रियनचा आवाज चढला. "मी द्यायला तयार होतो, बाई. चोरायला नाही."

"संशय कोणावर सांगितलास?"

"सुरजवर. दुसरा कोण? शेडची जादा चावी त्याच्याकडे आहे. बॅटरी चार्ज करायला शुक्रवारी मीच दिली. गाडीची चावी देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावर आहे, पण त्याला चावी कशाला लागते? तारा जोडून चालू करील. संध्याकाळी त्याला ठाण्यात बोलावणार आहेत."

सुनंदाबाईंना हे आवडलं नाही. सुरजचं नायगावला टॉवरखाली एका गाळ्याचं गॅरेज. नव्या वस्तीतले लोक तोंडओळखीवर त्याच्याकडे गाड्या ठेवून कामाला जात. एकदा पोलिसांची जीप दाराशी थांबली की त्या गाड्या दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जाणार. मग तो निर्दोष ठरला तरी काय उपयोग?

"संध्याकाळपर्यंत थांबा म्हणून मी सांगते ठाण्यात," त्या म्हणाल्या. "तोवर मला बघू दे."

त्या शेडमध्ये शिरल्या. फरशीवर सगळीकडे तेलाचे जुने डाग होते, एकावर एक. फक्त मधोमध माणूस झोपेल एवढा लांबरुंद तुकडा स्वच्छ होता. त्याच्या कडा सरळ होत्या.

"इथे काय असायचं?"

"पुठ्ठा. फ्रिजच्या खोक्याचा. गाडी तेल गाळते ना."

"मग तो कुठंय?"

सिप्रियनने इकडेतिकडे पाहिलं. "गेला असेल कुठे. पुठ्ठ्याचं काय घेऊन बसलात?"

सुनंदाबाई बाहेर आल्या. पलीकडच्या वाडीत म्हातारा रामू आळी खणत होता.

"रामू, काल इकडून गाडी गेलेली ऐकलीस?"

"ऐकली ना, बाय. सकालच्या पयल्या मिस्साची घंटा झाली, त्याच्या मागून. मी पानी लावीत होतो."

"सिप्रियनचीच होती?"

रामूने मान हलवली. "त्याची कशी असंल? त्याची गाडी म्हशीवानी रडते. पंधरा येला चावी मारतो, मग गप बसते. ही आधी जरा टकटकली, मंग गप झाली, मंग येका टायमात सुरू. मला वाटला, कोन पावनाच आला."

"बघितलीस का कोण होतं?"

"केलीआडून काय दिसनार?"

म्हणजे रविवारी सकाळी, सिप्रियन चर्चमध्ये पहिल्या मिस्साला असताना. आल्यावर त्याने पेपर वाचला, जेवला, झोपला. शेडकडे फिरकलाच नाही. उद्या जाणाऱ्या गाडीचं तोंड बघायला नको म्हणून.

दुपारी सगळे डाबऱ्यांच्या पडवीत जमले. नायगावहून कॉन्रॅड आला होता. सुरज आपल्या बाइकवरून तडतडत आला होता. हरेश क्रेन परत पाठवून स्वतः मात्र हटला नव्हता. सुनंदाबाई नेहमीच्या वेताच्या खुर्चीत बसल्या आणि लगेच हलल्या. वेत टोचत होता.

"मार्शेलिन, इथली उशी कुठे गेली गं?"

सिप्रियनची बायको चहाचा ट्रे घेऊन येत होती. ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. "धुवायला टाकली."

सुनंदाबाईंनी अंगणातल्या दोरीकडे पाहिलं. दोरीवर दोन लुगडी आणि सिप्रियनची बनियन होती.

मार्शेलिनने पहिला कप सुरजला दिला. तोही पाहुण्यांसाठी ठेवलेल्या नक्षीच्या कपांतला. सोबत बशीत वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी. "घे रे पोरा. कालच बेसिलने दिलीत." बेसिल तिचा भाऊ, आगाशीला राहायचा. दर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर ती त्याच्याकडे जायची आणि दुपारच्या बसने परत यायची.

सुरजने सुकेळ्याला हात लावला नाही. "अंकल, मला एकच सांगा. मी ती गाडी कशाला चोरू?"

"पार्ट विकायला," सिप्रियन म्हणाला.

"घेणार कोण? अख्ख्या जिल्ह्यात ती एकच आहे. पार्ट विकायचे तर मला तुम्हालाच विकावे लागतील." सुरज सुनंदाबाईंकडे वळला. "मॅडम, मी चोर असेन तर शिक्षा म्हणून तीच गाडी द्या मला. जन्मठेप होईल."

हरेश खुदकन हसला. सुनंदाबाई त्याच्याकडे वळल्या.

"तू हसू नकोस. आदल्या दिवशी येऊन गुपचूप नेली नाहीस कशावरून?"

"अहो बाई, आज तीच गाडी मला हक्काने मिळत होती. आदल्या दिवशी चोरून काय मोठं साधणार?"

"आणि तू, कॉन्रॅड? काल कुठे होतास?"

"घरीच. शनिवारी मात्र इथे होतो. पप्पांनी आणि सुरजने दिवसभर ट्राय केलं, चालू झाली नाही. मी तर म्हटलं, जाऊ दे ना. इथे माझी गाडी लागेल. मम्मीची पण कटकट संपेल. तीस वर्षं ती गाडीच्या नावाने ओरडतेय."

"तिला विचारलंत?"

"काय विचारायचं? तिला आनंदच होणार ना."

मार्शेलिन रिकामा ट्रे छातीशी धरून दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही. सुनंदाबाईंना त्याचंच आश्चर्य वाटलं. गाडीचा विषय निघाला आणि मार्शेलिन गप्प राहिली, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"सुरज, ही गाडी एका झटक्यात चालू व्हायला काय करावं लागतं?"

"थांबावं लागतं. चावी अर्धी फिरवली की मागे पेट्रोलचा पंप टकटकतो. तो गप्प होईपर्यंत थांबायचं, मग स्टार्टर. मी अंकलना शंभरदा सांगितलंय. पण ते बसल्या बसल्या अ‍ॅक्सिलरेटरवर पाय मारायला लागतात आणि पेट्रोल इंजिनात तुंबतं. शनिवारीही तेच झालं. मला चावी देतील तर ना."

"हे दुसऱ्या कोणाला माहीत आहे?"

सुरज विचारात पडला. "अंकलच्या शेजारी बसून ज्याने ऐकलं असेल त्याला."

सुनंदाबाईंनी कप खाली ठेवला.

"सिप्रियन, ठाण्यात फोन कर. सुरजचं नाव मागे घे."

"का? मिळाली गाडी?"

"ऐक. चोराने गाडी नेली, ती पुठ्ठ्यासकट. तेलाने चिकट झालेला घाणेरडा पुठ्ठा. सुरज तो कशाला उचलेल? त्याच्या गॅरेजात जमिनीचा रंग कोणता हे त्यालाही आठवत नसेल. हरेशच्या आवारात तर चिखलच आहे. पुठ्ठा तोच नेईल, ज्याला पक्कं माहीत आहे की ही गाडी जिथे उभी राहील तिथे तेल गाळणार आणि तिथली फरशी खराब व्हायला नको. म्हणजे गाडी एखाद्या चांगल्या फरशीवर उभी आहे. आणि पुठ्ठा घ्यायची आठवण कोणाला होईल? ज्याने तेलाचे डाग घासलेत त्याला. तू घासलेस कधी?"

सिप्रियनने नकारार्थी मान हलवली.

"दुसरं. गाडी एका झटक्यात चालू झाली. म्हणजे चालवणारा तू नव्हेस. चावी खिळ्यावर आहे, शेडचं कुलूप शाबूत आहे. म्हणजे चाव्या घेऊन गेलेला माणूस परत येऊन त्या जागेवर लावतो. घरातलाच."

"मी नाही हं," कॉन्रॅड म्हणाला.

"तू ताडमाड उंच. त्या गाडीत तुझं डोकं छपराला लागतं. ही गाडी ज्याने नेली त्याला समोरचं दिसायला बुडाखाली उशी लागली." त्यांनी वेताच्या खुर्चीवर थाप मारली. "ती उशी धुवायला टाकलेली नाही. दोरीवर ती नाही. उशी गाडीतच राहिली, कारण बसमध्ये उशी घेऊन चढलं की लोक विचारतात. आणि दर रविवारी या घरचं माणूस ज्या बसने येतं, ती आगाशीहून येते. बेसिलने दारापुढच्या अंगणाला नवीन चकचकीत फरशी घातली, हे मार्शेलिन मला महिनाभर सांगतेय."

सुनंदाबाई दाराकडे वळल्या.

"काल तू दुसऱ्या मिस्साला गेली नाहीस, मार्शेलिन. पहिल्याच मिस्साच्या वेळी निघालीस. आणि आज सुरजवर आळ आला म्हणून त्याला नक्षीचा कप दिलास."

मार्शेलिनने ट्रे खाली ठेवला.

"संध्याकाळी सांगणारच होते मी. पोराला ठाण्यात जाऊ दिलं नसतं."

"तू?" सिप्रियन तिच्याकडे वळला. "तू गाडी चालवलीस? आगाशीपर्यंत?"

"कळंबच्या किनाऱ्यावर, वाळूत कोणी शिकवली मला? विसरलास. त्यानंतर कधी हातात दिली नाहीस."

"पण तुला ती डोळ्यांसमोर नको होती. रोज शिव्या घालायचीस."

"घालीन. तीस वर्षं मी तिचं तेल पुसलंय, शिव्या मी नाही घालणार तर कोण घालणार? पण तुम्ही बापलेकांनी परस्पर ठरवलंत. क्रेन कधी येणार तेही मला हरेशच्या फोनवरून कळलं."

"अगं, ती चालत नाही. तिचा उपयोग काय?"

मार्शेलिन पायरीवर बसली. तिचा आवाज खाली आला.

"तू घरी काय बोलतोस माझ्याशी? मीठ कमी आहे. लाईट गेली. आता तर तेही नाही, मोबाईल घेऊन बसतोस. सिप्रियन, आपण दोघं बोललो ते रस्त्याच्या कडेला. शिरसाडला, मनोरच्या पुलाशी, निर्मळच्या तळ्यावर. गाडी बंद, मदत येत नाही, घरची कामं समोर नाहीत. तुझी आई गेली तेव्हा तू घरात रडला नाहीस. मनोरला रडलास. ती गाडी धड चालली असती तर तुला मी कधी ओळखलंच नसतं."

सिप्रियन उठून सुरजपाशी गेला.

"चुकलो रे."

"ठीक आहे, अंकल," सुरज म्हणाला आणि पहिल्यांदा सुकेळ्याचा तुकडा मोडला. "पण आता ती परत माझ्याकडेच येणार ना?"

हरेशने सुस्कारा सोडला. "म्हणजे मला काही मिळत नाही."

"चहा मिळाला की," सुनंदाबाई म्हणाल्या. ठाण्यात त्यांनी स्वतःच फोन केला. "साहेब, बाईने घरची गाडी माहेरी नेलीय. कलम सापडलं तर कळवा."

तिघं बसने आगाशीला गेली तेव्हा बेसिलच्या अंगणात गाडी उभी होती, खाली पुठ्ठा, आत उशी. फरशीवर थेंब नव्हता. सिप्रियन चावी घेऊन बसला आणि पाय मारू लागला. गाडी म्हशीसारखी रडली.

"सरक," मार्शेलिन म्हणाली.

तो सरकला. तिने उशीवर बसून चावी अर्धी फिरवली. मागे टकटक झाली आणि थांबली. गाडी एका झटक्यात चालू झाली. बेसिलने पुठ्ठा घडी करून मागच्या सीटवर टाकला.

"बाई, या ना, पुठ्ठा सरकवून जागा होईल," सिप्रियन म्हणाला.

"नको. मला दिवसाउजेडी घरी पोचायचंय."

सुनंदाबाई बसने निघाल्या. खिडकीची जागा मिळाली. सबंध दिवस एका भंगार गाडीपायी गेला म्हणून त्या वैतागल्या होत्या. केळी तशाच राहिल्या होत्या, पाठ दुखत होती.

निर्मळच्या तळ्याजवळ बस हळू झाली. कडेला एक राखाडी गाडी नाक उघडं टाकून उभी होती. तिच्याशेजारी गवतात पुठ्ठा अंथरून दोघं बसली होती. मार्शेलिन हातवारे करून काहीतरी सांगत होती. सिप्रियन ऐकत होता. मग तो काहीतरी म्हणाला आणि तिने त्याच्या दंडावर चापट मारली.

कंडक्टरने मान बाहेर काढली. "बाई, तुमच्या पापडीचेच दिसतात. थांबवू का?"

"नको," सुनंदाबाई म्हणाल्या. "चालू दे."