खांडीतली रांग

वरसेहून सकाळच्या एसटीने पेण, तिथून दुसऱ्या गाडीने खाडीकाठचा कोळीवाडा, आणि पुढे बांधावरून पायपीट. कंपनीला सुट्टी असली की जितेशचा हा नेम. मित्र म्हणत, ह्याला ट्रेकिंगचं खूळ लागलंय. खूळ होतंच, पण ते आईपायी लागलेलं.

गेल्या वर्षी, चौऱ्याण्णवच्या श्रावणात, उधाणाने गावाचा, खाडीचं पाणी अडवणारा बाहेरचा बांध फुटला. बांधाला पडलेली खांड बुजवायला जितेशचा थोरला भाऊ दिनानाथ चौघांना घेऊन उतरला आणि पाण्याने पाचही जणांना नेलं. एकाचंही प्रेत मिळालं नाही. शेतं खारी झाली, गाव उठलं. आई वरसेला धाकट्याकडे आली, पण जीव इथेच ठेवून. "दिनूला घेऊन ये," ती दर वेळी म्हणायची, "नायतर त्याचं काय तरी आन." एखादं हाड जरी हाती लागलं तरी तिची वाट बघणं संपेल, या आशेवर जितेश चालत होता.

कोळीवाड्याच्या टोकाला कान्हूकाका होडीत बसून जाळं साफ करत होता.

"आज पन चाललास?"

"व्हय, काका."

"दिनू गावला तर हाक मार." त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

मार्गशीर्षातलं ऊन, ओहोटी, तिवरांच्या मुळांत बगळे. भेगाळलेला बांध पायाखाली कुरकुरत होता. खांडीजवळ मात्र तो ओला लागला. नुकताच थापलेला चिखल, त्यावर बोटांचे वळ. सरकारी काम निघालं असेल, जितेशने मनाची समजूत घातली. पण उठलेल्या गावाचा बांध घालायला कोण मरायला येणार?

मग आवाज आला. दमलेला, एका लयीत. "घे... घे..."

खांडीत पाच जण पाठमोरे, मांडीभर चिखलात. हातोहात चिखलाचे गोळे पुढे जात होते. टोकाचा माणूस गोळा थापायचा, पाणी तो विरघळवून न्यायचं. मधल्याच्या बनियनला खांद्यावर आईच्या हातचं ठिगळ होतं.

जितेशला रडू फुटलं. बूट काढून तो खाली धावला.

"दादा! चल, आई वाट बघतेय!"

दादा वळला. त्याने जितेशच्या तोंडाकडे पाहिलं नाही. नुसता गोळा पुढे केला.

खाडीकाठच्या खारपाटातल्या पोराला कळायला लागण्याआधी शिकवतात: खांडीच्या रांगेत आलेला गोळा नाकारायचा नाही. भांडण असो, सुतक असो, एक हात अडला तर गाव बुडतं.

जितेशच्या हातांनी गोळा घेतला.

पुढे दिला. बर्फासारख्या हातांनी तो घेतला. तोवर दुसरा गोळा आला होता.

दादा रांगेतून निघाला. बांधावर चढला. जितेशच्या बुटांत पाय घातले. जन्मभर अनवाणी चाललेला माणूस, पण नाड्या त्याने सराईतपणे बांधल्या. दुहेरी गाठ मारून, जितेश मारतो तशी.

जितेशने हाक मारायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

गोळा आला. दिला. आला.

बऱ्याच वेळाने, भरतीच्या वाऱ्यावर, कोळीवाड्याकडून कान्हूकाकाचा आवाज आला, "जितेश, गावला का रं दिनू?"

"नाय, काका," उत्तर खांडीतून नाही, तिकडूनच, काकाजवळून आलं.

आवाज जितेशचाच होता.