बिनआवाजाचं अर्धं मिनिट

चौकीतली वीज गेली तेव्हा जेवणं आटपली होती. तिघे नवे शिपाई बाकावर पाय वर घेऊन बसले होते, ड्रायव्हरकाका खिडकीशी. एकानं छातीवरचा कॅमेरा काढून टेबलावर आपटला.

"काका, हे लोढणं कायमचं बंद नाही का हो करता येत?"

"हळू ठेव रे. आमच्या ओळखीत एकीला त्यानं पुरतं धुळीला मिळवलंय."

"झाली काकांची गोष्ट सुरू! भूत आहे का त्यात?"

"ते तू ठरव. तिला मी दोन वर्षं रोज गाडीनं घरी सोडायचो. ती खोटं बोलणारी बाई नव्हती."

मग काकांनी सांगितलं ते असं.

काका आधी ज्या ठाण्यात होते, तिथे रेकॉर्डिंग सांभाळायला एक हवालदारीण होती. सगळे तिला कॅसेटताई म्हणत. कॅसेटा जाऊन जमाना लोटला, पण तिची खोली कॅसेटची खोलीच राहिली. ड्यूटी संपली की शिपाई आपापले कॅमेरे तिथल्या कपाटात चार्जिंगला लावत. त्यातलं चित्र आपोआप कॉम्प्युटरवर जाई आणि कॅमेरा रिकामा होई. ताईचं काम एवढंच, की कुठलं रेकॉर्डिंग कामाचं ते बघून त्याला खूण लावायची. खूण लागली की ते राहतं. नाही लागली, तर तीस दिवसांनी रात्री बाराच्या ठोक्याला आपलं आपण पुसलं जातं. पुसल्याचं पाप कुणाच्याच माथी येत नाही.

गेल्या फेब्रुवारीतला शेवटचा मंगळवार. ताईनं स्वयंपाक उरकला, ताट झाकलं आणि धाकट्या भावाला म्हणाली, "बारक्या, तू जेवून घे. मी ठाण्यात जाऊन आले. दोन मिनिटांचं काम आहे."

"तेच का?"

"तेच. आज शेवटचा दिवस आहे त्याचा."

"साहेब म्हणाले ना, राहू दे म्हणून? आपोआप जाईल, बला टळेल."

"साहेबांच्या बापाचं काय जातंय? नोकरी तुझी जातेय. उद्या आत गेलास तर डबा कोण आणणार, साहेब?"

बारक्या हसला नाही. महिनाभर तो हसलाच नव्हता. आई गेली तेव्हा तो एवढासा होता. ताईनंच त्याला वाढवला, शिकवला, वर्दी अंगावर चढलेली बघितली. महिन्यापूर्वी तो गस्तीवर एकटा असताना पुलाच्या कठड्याबाहेर एक रंगारी उभा दिसला. रंगाऱ्यानं उडी घेतली. खाली जाळं टाकून बसलेला कोळी म्हणाला, पोलिसानंच त्याला मार उडी म्हटलं. रंगाऱ्याच्या आईनं अर्ज केला, चौकशी लागली. बारक्या एकच धरून बसला होता. "मी त्याला 'ये मागे' म्हणालो."

आता मेख इथेच होती. या कॅमेऱ्याचं बटण दाबलं की आधीचं अर्धं मिनिटही त्यात राहतं. पण नुसतं चित्र. आवाज बटण दाबल्यापासून पुढचा. बारक्यानं बटण दाबलं ते रंगाऱ्यानं उडी घेतल्यावर, कठड्याकडे धावताना. बोलणं सगळं त्या मुक्या अर्ध्या मिनिटात. कॅमेरा छातीवर, त्यामुळे त्याचं तोंडही दिसत नाही. दिसतो फक्त त्याचा हात. रंगाऱ्याकडे पुढे केलेला.

बुडत्याला काडीचा, तसा ताईला त्या हाताचा आधार होता. साहेब काहीही म्हणोत, चौकशीवाल्यांनी हा हात बघितलाच पाहिजे.

खाली पहारेकरी पेंगत होता. ताईनं खोली उघडली, कॉम्प्युटर लावला. खूण लावायच्या आधी एकदाच बघावं म्हणून रेकॉर्डिंग सुरू केलं. पुलावरचा दिवा. कठडा. कोपरापर्यंत चुन्यानं पांढरा झालेला रंगारी. त्याचे ओठ हलले.

"साहेब, मारू उडी?"

ताईचा हात माउसवरच थिजला. पडद्यावर आवाजाची रेघ सपाट होती. सरळ. मेल्यासारखी.

"मार ना मग. रोजचं नाटक तुझं. मार."

बारक्याचा आवाज. तिच्या मांडीवर बोलायला शिकलेला आवाज.

हात तोच होता. पुढे केलेला. पण आता तो कुणाला धरायला निघालेला दिसेना. 'चल, उरक' म्हणणारा दिसला.

"बरं," रंगारी म्हणाला. आणि कठडा रिकामा झाला.

तिनं घरी फोन लावला.

"बारक्या, काय म्हणाला होतास तू त्याला?"

"सांगितलंय ना. ये मागे म्हणालो."

"बारक्या..."

पलीकडून अगदी हळू, "ताई... त्यात आवाज नसतो ना?"

तिनं आवाजाच्या सपाट रेघेकडे बघितलं.

"दोन रात्री झोप नव्हती गं. मला वाटलं, तो नेहमीसारखा उतरेल. ताई, खूण नको लावूस. तुझ्या पाया पडतो."

फोन बंद झाला. खूण लावायला एक बोट पुरे होतं. न लावायला तेही नको. ताईनं दोन्ही हात मांडीवर घेतले.

रेकॉर्डिंग पुन्हा सुरू झालं. तिनं केलं नव्हतं.

दिवा. कठडा. रंगारी. पण आता तो बारक्याकडे बघत नव्हता. थोडा खाली, सरळ कॅमेऱ्याच्या काचेत बघत होता.

"ताई..."

ती हलली नाही.

"लावा ना खूण. एवढाच उरलोय मी."

"माझा भाऊ आहे हो तो," ताई म्हणाली. आपण कुणाशी बोलतोय हेही तिला कळलं नाही. "माझ्याशिवाय त्याला कुणी नाही."

"मलाही आई आहे. तिनं मागितलंय. तिला एकदा दाखवा... मग काय ते करा."

बाराला थोडा अवकाश होता. ताईची नखं तळव्यात रुतली होती.

"नाही लावत?"

...

"मग... मारू उडी?"

एक शब्द पुरला असता. ताई खाली बघत राहिली.

...

"बरं."

बाराचा ठोका पडला. रेकॉर्डिंगच्या यादीतली ती ओळ गेली.

काका थांबले.

"मग बारक्या सुटला?" एकानं विचारलं.

"सुटायचाच. पण सकाळी यादीत सगळ्यात वर एक नवं रेकॉर्डिंग होतं. खूण लावलेलं. त्यात ताईची पाठ दिसते. समोर पडदा, पडद्यावर पूल. सगळं ऐकू येतं. बारक्याचं बोलणं, ताईचं बोलणं. चौकशीवाल्यांनी तेच धरलं. दोघांच्याही वर्द्या उतरल्या."

"कपाटातल्या कॅमेऱ्यानं घेतलं असेल, काका. एखादा चालू राहिला असेल."

"कपाट बंद होतं, किल्ली ताईच्या कमरेला. आणि चित्र कपाटातून घेतलेलं नाही. खुर्चीच्या मागे उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवरून आहे."

"बरं, मग रेकॉर्डिंगच्या शेवटी? कॅमेरा बंद करायला हात तर पुढे येतोच ना? आमचा येतो."

"येतो. प्रत्येकाचा येतो." काकांनी खिडकी लावून घेतली. "त्यात आलेला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ते बंद झालेलं नाही. रोज सकाळी आदल्या दिवसापेक्षा मोठं झालेलं असतं. दोनदा पुसून बघितलं साहेबांनी. राहतंच."

"आणि... आता काय दिसतं त्यात?"

काकांनी टेबलावरचा कॅमेरा पालथा घातला.

"एक खाट. बारक्या झोपलेला. उशाशी उभं राहून घेतल्यासारखं."