पोटाशी धरलेली पिशवी

त्या वॉर्डात एक पद्धत पडून गेली होती. रक्तपेढीतून आलेली पिशवी गारठलेली असायची, आणि आधीच निपचित पडलेल्या पोरांच्या अंगात एवढं गार रक्त कसं सोडायचं? म्हणून पिशवी आईकडे द्यायची. आईने ती ऊब येईपर्यंत पोटाशी धरायची. डॉक्टरांना हे मुळीच पसंत नव्हतं. पण डॉक्टर काय, राउंडपुरते.

खिडकीजवळच्या कॉटवरच्या मुलीची आई मात्र रिकाम्या हातांनी बसली होती. लेक पांढरीफटक पडलेली, जीभसुद्धा पांढरी; दोन शब्द बोलली की धाप लागायची. तिचं रक्त संध्याकाळी येणार होतं. शेजारच्या मुलाचं आलं होतं. रक्तगट दोघांचा एकच.

"ताई, जरा धरता का?" मुलाची आई म्हणाली. "खालून औषधं घेऊन येते."

"द्या की. त्यात काय एवढं!"

पिशवी हळूहळू कोमट झाली, आणि मग आतून हलली. लेक पोटात असताना हलायची, अगदी तशी. बाई दचकली. पण हात काही सैल केले नाहीत.

तेवढ्यात पाळी बदलली. नवी नर्स घाईत होती. पिशवी जिच्या पोटाशी, तिच्याच पोराची, असंच तिथे सगळे धरून चालायचे. तरी तिने विचारलं, "तुमच्याच बाळाचं ना?"

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे काय उगाच म्हणतात? बाईने शेजारी पाहिलंसुद्धा नाही.

"हो. माझ्याच."

नर्सने रक्तगट तेवढा पाहिला आणि पिशवी टांगली.

थेंब थेंब रक्त उतरत गेलं. मुलीच्या ओठांवर रंग चढला, तसा आईच्या जिवात जीव आला. लाज? छे, तिला नुसता आनंद झाला होता. शेजारचा मुलगा तिच्याकडे टक लावून बघत होता. मग तो बघायचा थांबला. डोळे उघडेच राहिले.

त्याची आई वर आली तेव्हा त्याच्या अंगावरून चादर ओढून झाली होती. तिने हंबरडा फोडला नाही, की पिशवीचं विचारलं नाही. ती सरळ मुलीच्या उशाशी येऊन बसली आणि तिच्या केसांवरून हात फिरवू लागली.

मुलीने डोळे उघडले. मुलाच्या आईकडे बघून ती गोड हसली, मग स्वतःच्या आईकडे बोट केलं.

"आई... या कोण गं?"

"या होय? शेजारच्या," मुलाची आई म्हणाली. "तुझं रक्त धरून बसल्या होत्या, बाळा."

"अगं, मी... मी तुझी आई!"

मुलगी घाबरून मुलाच्या आईला बिलगली.

वॉर्डबॉय मुलाचं स्ट्रेचर ढकलत निघाला. चादरीखालून धाप लागलेला आवाज आला.

"आई... मला कुठे नेतायत?"

मुलीच्या आईने आवाज ओळखला, तिच्याच लेकीचा. तिने धावत जाऊन स्ट्रेचर धरलं. "थांबा! माझी मुलगी आहे आत!"

वॉर्डबॉयने चादर उचलून दाखवली. मुलगाच होता, ओठ घट्ट मिटलेले.

"बघितलंत? सोडा आता, ताई."

त्याने चादर पुन्हा ओढली. चाकं फिरू लागली.

"आई... सोडू नकोस ना..."