गुंडाप्पाची वाफ

खोटं वाटत असेल तर इथंच थांबा. मला कुणाला पटवायचं न्हाय. पण आमच्या शांतलिंगकाकांच्या बाबतीत हे घडलंय. कळंबमध्ये, चौसष्ट सालच्या वैशाखात. तेही भर दुपारी.

काकांचा चष्म्याच्या प्लास्टिक भिंगांचा छोटा कारखाना होता. साचे घासायचं आणि माल तपासायचं काम शिवकांताकाकूंच्या थोरल्या भावाकडं, गुंडाप्पाकडं. तो प्रत्येक भिंगावर तोंडानं 'हाऽऽ' करून वाफ धरायचा. वाफ सगळीकडून सारखी उडाली तर माल पास. न्हायतर बाद.

काका चिडायचे. "अरे, गिऱ्हाईक काय एवढं बघतंय? खपून जातंय!"

"खपंल दाजी. पण घालणाऱ्याच्या डोळ्यांचं काय?"

पाडव्याआधी गुंडाप्पा तापानं गेला.

वैशाखात सोलापूरच्या दुकानदाराची मोठी ऑर्डर आली. ती हातची गेली तर कारखान्याला कुलूपच. दुपारच्या एसटीनं माल जायचा होता. काकांनी भिंगं कापडावर मांडली.

आणि...

एका भिंगावर आपोआप वाफ धरली.

मग शेजारच्या...

मग त्याच्या शेजारच्या...

बाहेर ऊन रणरणतंय आणि भिंगं धुरकट! काकांनी पुसली. परत धरली. परत पुसली.

"च्यायला, आता हे काय लचांड!" काका रडकुंडीला आले.

काकू दारात उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "दादा तपासतोय. तपासू द्या की."

दोघं भिंगांकडं बघत बसले. एकेक करून वाफ उडाली. एकाच भिंगावरची जाईना. काकांनी ते उजेडात धरलं. केसाएवढी चीर होती.

काकूंनी ते बाजूला ठेवलं. पण मग एक भिंग कमी पडत होतं. तेवढ्यात एसटीचा भोंगा वाजला आणि काकांचं डोकं फिरलं.

"मेलेल्या माणसाचं ऐकत बसू व्हय? खपून जातंय!"

घातलं पुडक्यात.

आठवड्यात माल परत आला. सगळी भिंगं धुरकट. काकूंनी ते चिरलेलं भिंग उचललं मात्र...

बाकीची लख्ख झाली.

पण ऑर्डर गेली ती गेलीच. कारखान्याला कुलूप लागलं.

काकांचा स्वतःचा चष्मा त्याच कारखान्यातला. तेव्हापासून ऐन उन्हातसुद्धा त्यांना सगळं धुरकट दिसतं. दिवसभर पुसत बसतात. परवा वैतागून ओरडलेच, "सांग की मर्दा गुंडाप्पा, आता कशात खोट हाय?"

मी चष्मा हातात घेतला. उजेडात धरला.

भिंगं लख्ख होती.

काका आता डोळे पुसत होते.