नावेचं गाणं चौथं होतं

रविवारी सकाळी मास्तरांच्या वरच्या खोलीत जी भांडणं होत, ती जिन्यात उभं राहून ऐकणाऱ्याला इस्टेटीच्या वाटणीची वाटली असती. आवाज चढत. कुणीतरी टेबलावर थाप मारी. कुणीतरी "मग मी पुढच्या रविवारपासून येतच नाही" म्हणून चपला शोधायला लागे. वाद असे तो इतकाच, की अमुक गाणं पहिल्या नंबरावर सलग किती आठवडे टिकलं.

या मंडळींच्या तरुणपणी रेडिओवर आठवड्यातून एकदा एक कार्यक्रम लागायचा. त्या आठवड्यातली सर्वांत लोकप्रिय दहा गाणी, दहाव्यापासून उलटी सुरू होऊन पहिल्यापर्यंत. कार्यक्रम बंद पडून जमाना झाला, पण या खोलीत तो चालूच होता. कुठलं गाणं कधी आत आलं, कुठलं दुसऱ्यावर जाऊन कायमचं अडकलं, कुणाचं कुणामुळे हुकलं, हे सगळं यांना तोंडपाठ.

"जागा दहाच," मास्तर मला पहिल्या दिवशी म्हणाले होते. "नवीन गाणं आत आलं की जुनं एक बाहेर. निवेदक ते कधी सांगायचा नाही हं. कोण गेलं ते आपणच ओळखायचं."

मास्तर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. बायको वारली होती, मुलगा परदेशात. तो दर रविवारी न चुकता फोन करायचा आणि नेमका वादाच्या ऐन भरात करायचा. दुसऱ्या होत्या मेडिकलवाल्या ताई. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान त्या आणि त्यांची थोरली बहीण मिळून चालवत. दोघींनी लग्न केलं नव्हतं. तिसरा माझा दादा, माझा सख्खा थोरला भाऊ. बस डेपोत वेळापत्रकं बसवण्यात त्याचा जन्म गेला.

मला गाण्यांत फारशी गती नाही. मी इस्पितळात लोकांचे कान तपासतो. दादाची नजर अधू झाल्यावर त्याने गाडी चालवणं सोडलं, म्हणून त्याला सोडायला जायचो आणि चहा होईपर्यंत बसायचो. शिवाय त्यांच्या जुन्या कॅसेटींमधली खरखर काढून द्यायचं कामही माझ्या गळ्यात पडलं होतं.

असंच एका रविवारी कुठल्याशा वर्षावरून जुंपली होती. ताई बिस्किट बुडवता बुडवता म्हणाल्या, "त्या आठवड्यात चौथ्यावर नावेचं गाणं होतं ना."

"कुठलं नावेचं?" मास्तरांनी विचारलं.

"अहो, ते नाही का! सुरुवातीला नुसता वल्ह्यांचा आवाज. वाद्य एकही नाही. मग बाईचा आवाज येतो, जरा खालच्या पट्टीतला."

मास्तरांनी दादाकडे पाहिलं. दादाने मान हलवली. ज्या खोलीत दहाव्या नंबरावरून एकदाच डोकावून गेलेली गाणीसुद्धा सगळ्यांना ठाऊक, तिथे चौथ्यावरचं गाणं कुणाला ठाऊक नाही, हे घडलंच नव्हतं.

"ताई, तुम्ही गोळ्या नुसत्या विकता की घेताही?" मास्तर म्हणाले. सगळे हसले. ताईही हसल्या. पण त्यांनी ते गुणगुणून दाखवलं, न अडखळता, पहिल्यापासून. साधीच चाल होती. बिस्किट तोवर चहात विरघळून गेलं.

पुढच्या रविवारी त्यांनी आल्या आल्या एक गंमत सांगितली.

"दुकानात हल्ली एक बाई येते. सरळ काउंटरच्या आत येऊन उभी राहते. कपाटं काय लावते, गिऱ्हाइकांशी काय बोलते! डोक्याने थोडी कमी असावी. पण चांगल्या घरची दिसते, म्हणून मी काही बोलत नाही."

"मग मोठ्या ताई काय म्हणतात?" मी विचारलं.

"कोण मोठ्या ताई?"

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारणार, तेवढ्यात मास्तर उसळले. "ते जाऊ द्या. नावेचं गाणं मला आठवलं! तुमचं अर्धवट आहे, ताई. चौथ्यावर ते एकदाच होतं. पुढच्या आठवड्यात तिसऱ्यावर चढलं." आणि दोघं लहान मुलांसारखी खूश होऊन ती चाल म्हणू लागली. दोघांनी चालीत नेमक्या एकाच ठिकाणी श्वास घेतला.

फोन वाजला. मास्तरांनी उचलला, ऐकलं आणि ठेवून दिला.

"राँग नंबर," ते म्हणाले. "बाबा, बाबा करत होता कुणीतरी."

फोन लगेच पुन्हा वाजला. या वेळी त्यांनी उचललाच नाही. वाजून वाजून तो आपोआप थांबला.

जिना उतरताना दादा म्हणाला, "वय झालं रे दोघांचं." मलाही तसंच वाटलं. माणसाची स्मृती जाते तेव्हा काय होतं ते मी इस्पितळात बघतो. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मेडिकलमध्ये गेलो. ताई चिठ्ठी वाचून झरझर औषधं काढत होत्या, हिशेब तोंडी करत होत्या, कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर ते समजावत होत्या. एकही चूक नाही. काउंटरच्या दुसऱ्या टोकाला त्यांची बहीण उभी होती. तिने मला बाजूला घेतलं.

"तुम्ही रविवारी तिच्याबरोबर असता ना? तिला जरा सांगता का, मी कोण ते?"

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. सगळे फोटो काढून झाले डोक्याचे. तिला सगळं येतंय, सगळं आठवतंय." तिने आवाज आणखी खाली आणला. "लहानपणी आम्ही दोघी ज्या झाडावरून पडलो होतो ना, ते झाडसुद्धा आठवतंय तिला. म्हणते, मी एकटीच पडले होते."

मी दादाकडून त्या आठवड्याची कॅसेट मागून घेतली. त्याने तेव्हा रेडिओपुढे माईक धरून केलेलं रेकॉर्डिंग होतं. दादासमोरच वाजवलं. चौथ्या नंबरावर नावेचं गाणं नव्हतं. दुसरंच होतं, सगळ्यांच्या ओळखीचं, लग्नाच्या बँडवालेही वाजवतात ते. दादाने समाधानाने मान डोलावली. "बघ. मी म्हणत नव्हतो? असलं काही गाणंच नाही."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी वहिनीचा फोन आला. "भावोजी, जरा येता का?" एवढंच म्हणाली.

दार दादाने उघडलं. "बरं झालं आलास," तो कुजबुजला. "या बाई सकाळपासून घरात आहेत. पत्ता चुकलाय बहुतेक. स्वयंपाकसुद्धा केलाय त्यांनी. हाकलायचं तरी कसं?"

वहिनी ओट्याशी पाठमोरी उभी होती. नळ चालू होता आणि ती धुतलेलंच पातेलं पुन्हा धूत होती.

"दादा," मी म्हटलं, "ही वहिनी आहे."

"कुणाची?" त्याने खरोखरच्या आस्थेने विचारलं. मग माझ्या दंडाला धरून मला बाहेरच्या खोलीत नेलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "ते राहू दे. ऐक ना, मला ते नावेचं गाणं आठवलं रे!"

मी त्याला त्याच दुपारी इस्पितळात नेलं. माझ्या खोलीत आवाजबंद काचेची एक कोठडी आहे. पेशंट आत बसतो, कानांवर हेडफोन लावतो आणि सूर ऐकू आला की बोट वर करतो. मी बाहेर बसून सूर पाठवतो. दादाला आत बसवून मी आधी ती कॅसेट लावली. मला बाहेर तेच ओळखीचं लग्नाचं गाणं ऐकू येत होतं. दादा डोळे मिटून डोलत होता.

"काय ऐकलंस?" मी माईकवरून विचारलं.

"नावेचं. काय आवाज आहे रे बाईचा!"

मी कॅसेट बंद केली. त्याला म्हटलं, आता नेहमीची तपासणी करू, सूर आला की बोट वर कर. आणि काहीच पाठवलं नाही. यंत्र बंद होतं, मी दोनदा खात्री केली.

दादाने बोट वर केलं. खाली घेतलं. पुन्हा वर केलं. पुन्हा खाली. सावकाश, सारख्या अंतराने, कुणीतरी वल्हं मारावं तसं.

मी ते किती वेळ बघत बसलो सांगता येत नाही. दारावर पुढचा पेशंट खाकरला तेव्हा भानावर आलो. कोठडीतल्या माईकमधून दादाचं गुणगुणणं माझ्या खोलीत येत होतं. मी बटण बंद केलं.

त्या रात्रीच वहिनी माहेरी जाईल असं मला वाटलं होतं. ती गेली नाही. "ते फार सभ्यपणे वागवतात मला," ती म्हणाली. "उठून खुर्ची देतात. लग्न झाल्यापासून इतकं सभ्य कधी वागले नव्हते." हे बोलताना ती हसली आणि मग तिला ते हसू आवरेना.

गाणं आलं की माणूस जातं, एवढं मला दिसत होतं. का, ते मला विचारू नका. आजार एकमेकांपासून लागतो तेव्हा आधी माणसं वेगळी करतात, तेवढं मला कळतं. ती बैठकच बंद पाडायची असं ठरवून मी रविवारी गेलो.

तिघंही आधीच येऊन बसली होती; दादा माझी वाट न बघता रिक्षाने आला होता. इतकी शांत ती खोली मी कधी पाहिली नव्हती. चहा कपात तसाच निवत होता.

"हे थांबवा," मी म्हटलं. "असं गाणं नाही. कॅसेटवर नाही, कुठेच नाही. आणि ते आठवायला लागल्यापासून तुम्ही आपापली माणसं विसरलात."

मास्तरांनी शांतपणे चष्मा पुसला. "आमच्यातल्या प्रत्येकाला कुणीतरी आठवत नाही, असं तुमचं म्हणणं. बरं. मी कुणाला विसरलो?"

"तुमच्या मुलाला."

"मला मुलगा नाही." वर्गात सोपं उत्तर सांगावं तसं ते म्हणाले. रागावले नाहीत. ताईंनी माझ्याकडे कणवेने पाहिलं.

"दादा, घरी वहिनी आहे. ती रडते आहे."

"त्या बाई रडतात, ते मीही पाहिलंय," दादा म्हणाला. "वाईट वाटतं रे. पण माझा काय संबंध?"

फोन वाजू लागला. कुणी तिकडे पाहिलंही नाही. मी उचलायला वळलो, तर माझा हात लागायच्या आत तो थांबला.

"बस की," दादा म्हणाला. "उगाच भांडायला आल्यासारखा उभा राहू नकोस." मग मास्तरांकडे वळून, मघाशी तुटलेलं बोलणं पुढे चालू केल्यासारखा म्हणाला, "तर मी काय सांगत होतो, ते तिसऱ्यावरून थेट पहिल्यावर गेलं."

"थेट नाही," मी म्हटलं. "मध्ये एक आठवडा दुसऱ्यावर अडकलं होतं."

तिघांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मी काय बोललो ते मला ऐकू आलं, पण नंतर. आधी ते मला नुसतं माहीत होतं. तो आठवडा, रेडिओशेजारची खिडकी, दुसऱ्या कडव्यात बाईचा आवाज किंचित फाटतो ती जागा.

"अगदी बरोबर!" मास्तरांनी टेबलावर थाप मारली. "दुसऱ्यावर! आम्ही तेच विसरलो होतो."

दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ताईंनी माझ्यासाठी खुर्ची ओढली.

मी बसलो नाही. जिना उतरलो आणि गाडी तिथेच सोडून चालत निघालो. दादाला घरी कोण सोडणार हे मनातही आलं नाही. रस्त्यात मी एकेक माणूस आठवून पाहिलं. आई. वडील. दादा, वहिनी. बायको. तिचा चेहरा, तिचा आवाज, लग्नातली तिची साडी. सासू-सासरे. इस्पितळातली नर्स, शिपाई. कुणीही गेलं नव्हतं. सगळी जागच्या जागी होती. पुन्हा एकदा पहिल्यापासून मोजली. मग मला हायसं वाटलं आणि घराच्या गल्लीत शिरताना मी जरा हसलोही.

मी बेल वाजवली.

दार एका लहान मुलीने उघडलं. शाळेत जाण्याच्या वयाची असेल. शेजारी कुणीतरी नवीन राहायला आलं असावं.

"किती उशीर!" ती म्हणाली आणि माझ्या हातातली गाडीची किल्ली घेऊन खिळ्याला अडकवली. टाचा उंचावूनही तिचा हात खिळ्याला जेमतेम पुरत होता.

"आई कुठे आहे तुझी?" मी विचारलं.

"आत." ती हसली. "वाढतेय. आणि हो, काकूचा दोनदा फोन येऊन गेला."

आतून बायकोने हाक मारली, "दोघंही हात धुवून या."

मुलगी माझ्यापुढे बेसिनकडे पळाली. तोंडावर पाणी मारायला तिने केस कानामागे सारले. कान बघायची मला धंद्यामुळे सवय आहे. तिच्या डाव्या कानासमोर, जिथे कानाची वरची कड गालाला मिळते तिथे, टाचणीच्या टोकाएवढं एक छिद्र होतं. टोचलेलं नव्हे, जन्मजात. हजारांत थोड्यांनाच असतं आणि पुष्कळदा ते आईकडून किंवा बापाकडून येतं.

मी हात वर नेला. माझ्या डाव्या कानासमोर, त्याच जागी, बोटाला ते लागलं.