जांभळ्याला गप्प कोणी केलं?

“संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही, तर दिव्याला नोकरीवरून काढावं लागेल,” वासंतीबाई म्हणाल्या.

२००७चा जानेवारी होता. चेणे गावाजवळच्या त्यांच्या फुलझाडांच्या प्रयोगशाळेत वर्षभरापूर्वी लागलेल्या दिव्याच्या जांभळ्या पेटुनियाच्या बियांतून सगळी पांढरीच फुलं उगवली होती. खासगी गुप्तहेर दुर्गा सावंत वाफे बघत होती. मागे तिची पिशवी सांभाळत तिचा मदतनीस उत्तम. अशील त्याच्याकडे बघून कधी बोलत नसत आणि हे त्याला दहा वर्षं डाचत होतं.

“बी बदललं असेल,” तो म्हणाला.

“नाही, तपासलंय,” वासंतीबाई दुर्गाकडे बघत म्हणाल्या. “जांभळा जीन शाबूत आहे. पण गप्प आहे.”

दिव्या रडकुंडीला आली होती. “परका पराग पडू नये म्हणून मी प्रत्येक फुलावर कागदी पिशवी बांधली होती. देठाशी पक्की निरगाठ. बी काढताना पिशव्या वरून कापल्या. त्या आहेत अजून.”

“दिवू, रडू नकोस गं,” वासंतीबाई कळवळल्या.

बारा वर्षं रोपं सांभाळणाऱ्या अंबिकाबाई खिडकीशी अबोलीचा गजरा करत होत्या. शेजारी त्यांच्या पांढऱ्या पेटुनिया.

“या पांढऱ्या कशा?” दुर्गाने विचारलं.

“यांच्या पूर्वजांत आम्ही एक जोड-जीन, म्हणजे जांभळ्या जीनची जादा प्रत, घातला होता,” वासंतीबाई म्हणाल्या. “त्याने जांभळा गप्प झाला. पुढच्या पिढ्यांत तो गळाला, आता यांच्यात तो नाही. दिव्याच्या रोपांतही नाही. तेव्हा अंबिकाबाईंचा संबंध नाही.”

“न्हायच मुळी,” अंबिकाबाई म्हणाल्या. गजऱ्यात एक फूल उलटं लागलं होतं. त्यांनी दोऱ्याचं टोक ओढलं, गाठ अलगद सुटली.

“म्हणजे या सुटल्या,” उत्तम पुटपुटला.

“जोड-जीन गेला, तरी झाडं पांढरीच आहेत ना?” दुर्गा म्हणाली.

तासाभराने तिने सगळ्यांना टेबलाशी बोलावलं. कापलेल्या पिशवीचा दोरा ओढला. गाठ सुटली. दुसरी, तिसरी, सगळ्याच.

“दिव्याची निरगाठ अशी सुटेल? ही सुरगाठ आहे, गजऱ्यासारखी. पिशव्या सोडून कुणीतरी पांढऱ्यांचा पराग आत लावला. जोड-जीनमुळे पांढऱ्यांच्या पूर्वजांच्या पेशीत आरएनएचे छोटे रेणू तयार झाले होते. त्यांनी जांभळ्या जीनला गप्प केलं. जोड-जीन गेला, पण गप्प बसायची खूण बियांतून पुढच्या पिढीत गेली. तीच खूण परागातून आली आणि दिव्याचा जीनही गप्प झाला. म्हणून तपासात चोर सापडला नाही.”

अंबिकाबाईंनी गजरा टेबलावर ठेवला.

“बारा वर्सं मी ‘अंबिकाबाई’,” त्या म्हणाल्या. “ही एका वर्सात ‘दिवू’ झाली. माज्या पोटात आग पडली, बाई.”

उत्तमने मान खाली घातली. ती आग त्याच्या ओळखीची होती.

“अगं अंबिका, एकदा तरी बोलायचंस! आता तुला कामावर कशी ठेवू?” वासंतीबाई म्हणाल्या.

अंबिकाबाईंनी पदराने डोळे पुसले. “आज म्हनलात ‘अगं’. आज, मला काढताना.”